मामाच्या गावची आखाजी

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. १० मे २०२४ ला आखाजी होती. मी आईबरोबर एस. टी. ने मामाच्या गावी, चोपडा तालुक्यात गेले. वाटेत तापी नदी लागते. ती पश्चिमेकडे वाहते व सुरतजवळ समुद्राला मिळते.

आखाजीला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. मावशी पण आली. निंबाला झोका बांधला होता. तिथल्या मैत्रिणी झोक्यावर अहिराणी गाणी म्हणायच्या. मला थोडीच कळली.

त्या दिवशी घरातल्या वारलेल्या माणसांसाठी मातीची घागर पाण्याने भरतात व वर डांगर ठेवतात. मला वाटले भोपळाच ठेवणार! पण तिकडे खरबुजाला डांगर म्हणतात. त्या वर्षी आजीची घागर पहिल्यांदाच होती. आजी वारली तेव्हा मला नेले नव्हते. मामा म्हणाला, "तू ओत पाणी." मी तांब्याने ओतले. थोड्या वेळाने घागर बाहेरून ओली झाली. मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते व वाळते, म्हणून आतले पाणी गार होते.

मग सांजोऱ्या, पुरणपोळी, आमरस. घागरीपाशी आंबा ठेवल्याशिवाय मामाच्या घरी कोणी आंबा खात नाही. आजी मला आधीच एक द्यायची, गुपचूप.