घर स्वच्छ ठेवण्याचा धडा

स्वच्छतेविषयीं पुष्कळांचा असा समज असतो कीं, ती पैशाची गोष्ट आहे. ज्याच्या पदरीं चार पैसे आहेत त्यानें बाजारांतून रंगीबेरंगी बाटल्या आणाव्या व घर लखलखीत करावें. ज्याच्या पदरीं नाहींत त्यानें आहे त्या स्थितींत रहावें. हा समज खोटा आहे. एवढेंच नव्हे, तर तो घातकहि आहे. खोटा अशासाठीं कीं, घरांतील बहुतेक घाण काढण्यास पाणी, साबण, सोडा, आंबट पदार्थ, राख व ऊन एवढी सामग्री पुरते. घातक अशासाठीं कीं, ज्या बाटल्यांवर आपण भरंवसा टाकतों त्यांपैकीं कांहींत इतकें तीव्र ॲसिड असतें कीं, त्याचा एक घोट लहान मुलाच्या पोटांत गेला तर घसा व अन्ननलिका जळून तें जन्माचें अधू होतें. म्हणून थोड्या खर्चांत व निर्धोक रीतीनें घर कसें स्वच्छ ठेवावें, ह्याचा विचार आम्ही ह्या धड्यांत करणार आहों. उपदेशक बंधूंनीं हा धडा स्त्रियांच्या सभेंत वाचून दाखवावा. पुरुषांनाहि बसवून घ्यावें, कारण घर दोघांचें आहे.

१. स्वच्छ व निर्जंतुक ह्यांतील भेद

प्रथम हा भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. धूळ, तेलकटपणा, खरकटें व मळ काढून टाकणें ह्याला स्वच्छ करणें म्हणतात. रोगजंतु मारून टाकणें ह्याला निर्जंतुक करणें म्हणतात. रोजच्या व्यवहारांत पहिली गोष्ट केली म्हणजे बहुतेक काम होतें. कारण जंतु मळाला धरून असतात, व मळ गेला म्हणजे त्याबरोबर तेहि वाहून जातात.

साबणाचें काम असेंच चालतें. त्याच्या प्रत्येक सूक्ष्म कणाचें एक टोंक पाण्याशीं सख्य करतें व दुसरें तेलाशीं. त्यामुळें नुसत्या पाण्यानें न निघणारा तेलकट मळ साबणाच्या पाण्यांत सुटून निघतो. कित्येक विषाणूंभोंवतीं चरबीचें पातळ वेष्टन असतें, तेंहि साबणानें फुटतें. ह्यास्तव हात धुण्यासाठीं साधा साबण पुरतो. मात्र तो वीस सेकंद तरी चोळला पाहिजे व नखांखालीं पोंचला पाहिजे.

निर्जंतुक करण्याची गरज कांहीं ठराविक प्रसंगींच पडते: घरांत हगवण-वांतीचा रोगी असतांना, पिण्याचें पाणी शुद्ध करतांना, अथवा बाळंतिणीच्या व तान्ह्या मुलाच्या वस्त्रांसाठीं. अशा प्रसंगीं हयगय करूं नये. सन १८४७ मध्यें व्हिएन्ना शहरांतील प्रसूतिगृहांत डॉक्टर सेमेलवाइस ह्यांनीं आपल्या हाताखालील वैद्यांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुण्यास लावलें. त्यापूर्वीं एप्रिल महिन्यांत त्या विभागांत शेंकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. नियम लागू झाल्यावर थोड्याच महिन्यांत हें प्रमाण शेंकडा दोन-तीनवर आलें. तेव्हां तीव्र औषधाचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जें औषध रोग्याच्या खोलींत हितकर, तें रोज चुलीपाशीं शिंपडण्याची गरज नाहीं.

२. घरांतील सामग्री व तिचे गुण

साबण. अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाचे उरलेले तुकडे फेंकूं नयेत. ते किसून ऊन पाण्यांत भिजत घालावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीं भांडीं व फरशी धुण्याजोगा लगदा तयार होतो.

सोडा. सोडे दोन आहेत. खाण्याचा सोडा सौम्य असतो. त्यानें चहाचे डाग पडलेले कप व वास येणारे डबे घासावे. धुण्याचा सोडा अधिक तीव्र असतो; तो तेलकटपणा झपाट्यानें तोडतो, परंतु हाताची कातडी कोरडी करतो व डोळ्यांत गेल्यास इजा करतो. दोन्ही पांढरे दिसतात, म्हणून वेगवेगळ्या डब्यांत नांवें लिहून ठेवावे.

आंबट पदार्थ. चिंच, लिंबू व व्हिनेगर ह्यांत आम्ल असतें. पितळेवर व तांब्यावर चढलेला काळा थर, तसेंच बोअरच्या जड पाण्यानें नळावर व बादलीवर बसलेले पांढरे क्षार, हीं दोन्ही आम्लानें सुटतात. क्षारावर आंबट पडलें म्हणजे जो फेंस येतो तो क्षार विरघळत असल्याची खूण होय.

राख. लांकडाच्या राखेंत क्षार असतो व ती बारीक घासणीचें कामहि करते. ती चाळून घ्यावी, म्हणजे भांड्यांस ओरखडे पडत नाहींत. प्लास्टिक किंवा रंग दिलेलें लांकूड जाळलेली राख भांड्यांस लावूं नये. साबण मुळींच नसेल तर हात धुण्यास राख चालेल. परंतु साबणाइतकी खात्री तिची देतां येत नाहीं.

रिठा. रात्रीं दहा-बारा रिठे बिया काढून भिजत घालावे, सकाळीं उकळून गाळून घ्यावे. त्याच्या फेंसानें लोंकरीचे व रेशमी कपडे आणि दागिने उत्तम निघतात. हें पाणी डोळ्यांस मात्र झोंबतें.

ऊन व उकळतें पाणी. हीं सर्वांत स्वस्त औषधें होत. ओल गेली म्हणजे बुरशी व जंतु ह्यांचा थारा मोडतो. भांडीं पुसण्याचें फडकें आठवड्यांतून एकदां तरी दहा मिनिटें उकळून कडक उन्हांत वाळवावें. कारण घरांत सर्वांत घाणेरडी वस्तु पुष्कळदां तें फडकेंच असतें.

३. कोठें काय वापरावें

भांडीं. पितळेचीं व तांब्याचीं भांडीं बाहेरून चिंचेनें घासून लागलीच भरपूर पाण्यानें धुवावीं व कोरडीं करावीं. आंतून कल्हई असेल तर तेथें राख किंवा चिंच घासूं नये. कल्हई निघाली म्हणजे आंबट अन्न उघड्या धातूस लागून बिघडतें. ॲल्युमिनियमच्या भांड्यांस धुण्याचा सोडा व राख दोन्ही वर्ज्य, कारण क्षारानें तो धातु झिजतो व काळा पडतो. करपलेल्या पातेल्यांत पाणी व थोडासा साबण घालून उकळावें. जळका थर आपोआप मऊ पडतो व हात दुखत नाहींत.

फरशी. अर्धी बादली कोमट पाण्यांत साबणाचा थोडा लगदा घालून पुसावें. तेलकट डाग असतील तरच दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालावा. आपल्याकडे पुष्कळ घरांत शहाबादी फरशी व कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. त्यांवर ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू पडलें तर दगड खरोखर खाल्ला जातो, त्याचा गुळगुळीतपणा जातो व पुढें मळ अधिकच धरतो.

मोरी व संडास. मोरीच्या जाळींतील केंस व खरकटें रोज काढावें. आठवड्यांतून एकदां एक मूठ धुण्याचा सोडा टाकून वर ऊन पाणी ओतावें. संडास रोज ब्रशानें व साबणाच्या चुऱ्यानें घासला तर त्यास ॲसिडाची गरजच पडत नाहीं. भांड्यावर पिंवळे क्षार बसले असतील तर किराणा दुकानांत मिळणारें लिंबाचें सत्त्व रात्रीं टाकून सकाळीं घासावें. ज्यांच्या संडासास सेप्टिक टाकी आहे त्यांनीं हेंहि जाणावें कीं, टाकींतील मैला कुजविण्याचें काम सूक्ष्म जंतुच करतात. तीव्र औषधें पुष्कळ प्रमाणांत ओतल्यास ते मरतात व टाकी लवकर तुंबते. संडासाचें फडकें व ब्रश स्वयंपाकघरांत कदापि आणूं नये.

पाण्याचीं भांडीं. रांजण, पिंप व टाकी आठवड्यांतून एक दिवस रिकामीं करून आंतून घासावीं व कोरडीं ठेवावीं. डेंग्यूचा डांस अशाच सांठवलेल्या पाण्यांत होतो. त्याचीं अंडीं पाण्याच्या कडेला भिंतीस चिकटून राहतात, म्हणून नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नाहीं. अंड्यापासून डांस होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा नियम पाळला तर तो जन्मासच येत नाहीं.

भिंती व अंथरूण. नाताळ जवळ आला कीं आपल्या घरांत चुन्याचा हात फिरतो, ही चाल फार चांगली आहे. ताजा चुना तीव्र क्षारयुक्त असल्यामुळें भिंतीवरील बुरशी व जंतु मारतो. चुनकळी विरवतांना ती उकळून उडते. हें काम मुलांस दूर ठेवून व डोळे सांभाळून करावें. गोधड्या व उशा उन्हांत टाकून झटकाव्या. ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या ठेवण्यापेक्षां कपडे धुवून पूर्ण वाळवून ठेवावे. त्या गोळ्यांची वाफ कांहीं तान्ह्या मुलांचें रक्त बिघडविते व मूल खडीसाखर समजून त्या तोंडांत घालतें.

४. शेणाच्या सारवणाविषयीं

मातीच्या जमिनीवर सारवल्यानें धूळ बसते, हें खरें. परंतु शेण जंतु मारतें असें मानून निर्धास्त राहूं नये. ताज्या शेणांत पोट बिघडविणारे जंतु असतात, व माती आणि शेण ह्या दोहोंत धनुर्वाताचीं बीजें राहतात. मातेचा व नवजात अर्भकाचा धनुर्वात भारतांत आटोक्यांत आल्याचें सन २०१५ मध्यें मान्य झालें, तें लस व स्वच्छ बाळंतपण ह्यांच्या योगें. शेणांतील बीजें कांहीं नाहींशीं झालीं नाहींत. म्हणून सारवण पूर्ण वाळूं द्यावें, रांगत्या मुलास चटईवर ठेवावें, सारवल्यावर हात साबणानें धुवावे, आणि जखमेस किंवा बाळाच्या नाळेस शेण, माती व राख ह्यांचा स्पर्शहि होऊं देऊं नये.

५. जें कधींहि करूं नये

पहिलें, दोन औषधें एकत्र करूं नयेत. संडासाचें ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आलीं कीं क्लोरिन वायु सुटतो. ता. २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथील रणांगणावर सैनिकांवर जो वायु सोडला गेला तो हाच. बंद न्हाणीघरांत त्यानें माणूस गुदमरतो. चुकून असें झालें तर सर्व सोडून उघड्या हवेंत यावें.

दुसरें, सोडा व व्हिनेगर एकत्र करून औषध बनविण्याची जी युक्ति हल्लीं मोबाइलवर दाखवितात, तिचा उपयोग फार थोडा. फेंस पुष्कळ येतो, परंतु क्षार व आम्ल एकमेकांस निकामी करतात व मागें बहुतेक पाणीच उरतें. दोन्ही वेगवेगळीं वापरावीं.

तिसरें, फिनाईल, रॉकेल किंवा ॲसिड सरबताच्या अथवा पाण्याच्या बाटलींत ठेवूं नये. मूल बाटली ओळखतें, आंतील पदार्थ ओळखत नाहीं. तसा अपघात झालाच तर मुलास ओकारी करवूं नये व मिठाचें पाणी पाजूं नये. जें घसा जाळीत खालीं गेलें तें वर येतांना पुन्हां जाळतें. १०८ वर गाडी बोलवावी व ती बाटली बरोबर घेऊन दवाखान्यांत जावें. डोळ्यांत उडालें असेल तर वीस मिनिटें वाहत्या स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा व मग डॉक्टरांकडे न्यावें.

घरांत हगवण-वांतीची सांथ असेल तेव्हां मात्र ब्लीचिंग पावडर वापरावी. किती व कशी हें आशाताईंस किंवा आरोग्यसेविकेस विचारावें, अंदाजानें टाकूं नये.

६. हात कोणाचे?

येथवर सांगितलेल्या रीतींत पैसा वांचतो, परंतु श्रम लागतात, हें आम्ही लपवीत नाहीं. ॲसिड जें काम घटकेंत करतें तें ब्रशानें रोज थोडें थोडें करावें लागतें. हे सर्व श्रम घरच्या एकट्या बाईच्या माथीं मारले तर स्वस्त स्वच्छता तिला फार महाग पडेल. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) गांवांत शिरले कीं प्रथम झाडू घेऊन रस्ता झाडीत, मग कीर्तनास उभे रहात. ज्या हातांत टाळ शोभे त्या हातांत खराटा शोभत नाहीं असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. तर मग आपल्या घरांतील पुरुषांनीं रांजण घासावा, मुलांनीं मोरी धुवावी, ह्यांत कमीपणा कसला? पिंप घासण्याचा आठवड्याचा दिवस आजच ठरवावा, आणि त्या दिवशीं घरधन्यानें पहिल्यानें बाह्या वर कराव्या.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. स्वच्छ करणें व निर्जंतुक करणें ह्यांत भेद काय? दुसऱ्याची गरज केव्हां पडते?
२. शहाबादी फरशीवर लिंबू किंवा व्हिनेगर कां घालूं नये?
३. ॲल्युमिनियमचें भांडें राखेनें कां घासूं नये?
४. रांजण नुसता ओतून न देतां घासावा कां?
५. तुमच्या घरांत ॲसिड, फिनाईल व रॉकेल कोठें आहे? तें मुलाच्या हातीं लागेल काय? घरीं गेल्याबरोबर पाहून या व पुढील सभेंत सांगा.