आलेख रुग्णाच्या नजरेसमोर

‘रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली,’ हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. अशा वेळी उपदेशापेक्षा संगणकीय नोंद अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. मी पडदा रुग्णाकडे वळवून एलडीएल कोलेस्टेरॉलचा आलेख दाखवितो. स्टॅटिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत उतरलेली रेषा, ते थांबल्यावर पुन्हा चढलेली दिसते. आकडा औषधामुळे आटोक्यात होता, हे रुग्णाला स्वतःच उमगते.

२०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे, त्यास जोडलेल्या निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी रुग्णाच्या संमतीने एकत्र पाहता येतात. मात्र औषध थांबल्याची तारीख आपणच विचारून नोंदविली पाहिजे. त्याविना आलेख मुका राहतो.