रक्तातली साय

मी जीवरसायनशास्त्रातली डॉक्टर, औषधं देणारी नाही, हे आमच्या सोसायटीत सांगून सांगून थकले. तरी जिन्यात कुणीतरी गाठतंच आणि पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढतं. "जरा बघता का, हे वाईटवालं किती आहे?" तीस वर्षं रक्तातल्या लिपोप्रोटीनवर काम केल्यावर या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देणं मला जमत नाही, आणि जिन्यात उभं राहून दुसरी ओळ कुणाला ऐकायची नसते. उरलेल्या ओळी इथे लिहिते आहे. क्रमांक साधारण माझ्या चुकांच्या क्रमाने लागलेत.

१. यंत्राआधी नळी उजेडाकडे धरावी

प्रयोगशाळेतल्या पहिल्याच आठवड्यात एक नमुना आला. पेशी खाली बसवल्यावर वर जो प्लाझ्मा उरला तो दुधासारखा पांढरा. नमुना बिघडला असं समजून मी टाकून द्यायला निघाले. सर म्हणाले, "टाकू नकोस. फ्रीजमध्ये ठेव आणि घरी जा." सकाळी पाहते तर नळीच्या तोंडाशी साय धरलेली आणि खालचा द्रव निवळलेला. ती साय म्हणजे कायलोमायक्रॉन. जेवणातला स्निग्धांश आतड्यातून रक्तात आणणारे हे सगळ्यात मोठे आणि सगळ्यात हलके कण. खालचा द्रवही गढूळ राहिला असता, तर यकृतात तयार होणारे व्हीएलडीएल कण वाढलेत असं समजायचं. इतकं सगळं एका फ्रीजनं सांगितलं.

नमुना ज्यांचा होता ते गृहस्थ उपाशीपोटी आले होते, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "सकाळी पूजेचा शिरा घेतला होता, पण तो प्रसाद. त्याला खाणं कसं म्हणणार?"

२. बुधवारी रात्री रोटर लावू नये

तेल पाण्यावर तरंगतं आणि पाण्यात भरपूर मीठ घातलं की बुडालेलं अंडंही वर येतं. आमची निम्मी विद्या एवढ्यावर उभी आहे. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून त्याला एकट्यानं फिरता येत नाही. प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड यांच्या वेष्टनात बसून जावं लागतं. या गाड्या म्हणजे लिपोप्रोटीन. बर्कलीत जॉन गॉफमन यांनी १९५० च्या सुमारास अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये त्या वेगवेगळ्या करून दाखवल्या आणि कोणत्या गाड्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे, याचा शोध सुरू केला. पुढे १९५५ मध्ये हॅवेल, ईडर आणि ब्रॅगडन यांनी जी पद्धत लिहून ठेवली, तीच आम्ही वापरायचो. १.००६ घनतेला व्हीएलडीएल तरंगतं. ते वरून अलगद काढून घ्यायचं. पोटॅशियम ब्रोमाइड घालून घनता १.०६३ करायची, पुन्हा फिरवायचं, आता एलडीएल, म्हणजे जिन्यातलं 'वाईटवालं', वर येतं. मग १.२१, आणि एचडीएल. तीन फेऱ्यांना मिळून तीन-चार दिवस जात.

रोटर लावायला मला शिकवलं ते आमच्या लॅब अटेंडंटनी. त्यांना सगळे मामा म्हणत. समोरासमोरच्या नळ्यांची वजनं जुळली नाहीत, तर गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोरानं फिरणारा तो धातूचा गोळा यंत्रासकट स्वतःचा चुराडा करतो. मामा तराजूवर थेंबाथेंबानं नळ्या जुळवायचे. "बाई, पूर्ण वेग येईस्तोवर जागचं हलायचं नाही," हा त्यांचा नियम. मी तो पाळला. त्यांचा दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेला. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. एका बुधवारी रात्री मी शेवटची लांबलचक फेरी लावली. गुरुवारी पोचले तेव्हा रोटर थांबलेला, आतलं सगळं कोमट आणि पट्टे एकमेकांत मिसळलेले. बारा माणसांचं रक्त मोरीत ओतलं. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या बुधवारांना लाल गोल केले.

३. एलडीएलला रंग असतो, आणि तो उडतो

वेगळं काढलेलं एलडीएल दिसायला सुंदर असतं, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. संत्र्याच्या सालीसारखा पिवळा-केशरी पट्टा. गाजर-पपईतली रंगद्रव्यं त्या कणांत बसून फिरत असतात. एकदा डायलिसिसच्या द्रावणात धातू धरून ठेवणारं ईडीटीए घालायला विसरले, तर दुसऱ्या दिवशी रंग उडालेला. पाण्यातले धातूचे अंश आणि हवेतला ऑक्सिजन यांनी रात्रभरात आतला मेद खराब केला होता. आपल्या भाषेत, एलडीएल खवट झालं होतं.

या चुकीतूनच माझा पुढचा विषय निघाला. असं खवट एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज पेशी अधाशासारखं गिळतात, फुगतात आणि फेसाळ दिसू लागतात. मग खवटपणा रोखला तर? एलडीएलमध्ये तांबं घालून ते मुद्दाम खवट करायचं आणि २३४ नॅनोमीटरला त्याचा आलेख चढताना पाहायचा. व्हिटॅमिन ई घातलं की चढ उशिरा सुरू व्हायचा. इतके देखणे आलेख मी पुन्हा काढले नाहीत. २००० मध्ये 'होप' चाचणीचे निष्कर्ष आले. साडेनऊ हजार माणसं, सुमारे साडेचार वर्षं, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई, आणि हृदयविकारात काडीचा फरक नाही. माझ्या नळीत जे घडलं ते खोटं नव्हतं. ते फक्त नळीतलं होतं.

४. उंदराला विचारलं तर उंदराचंच उत्तर मिळतं

एके काळी आमच्याकडे दर वर्षी एक तरी प्रबंध लसणावर व्हायचा. पांढऱ्या उंदरांना कोलेस्टेरॉल चारायचं, वर लसणाचा अर्क द्यायचा, मग आकडे उतरलेले दाखवायचे. मीही एका विद्यार्थिनीला हेच करायला लावलं, हे कबूल करते. पण उंदराच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः एचडीएलमध्ये असतं. एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांत हलवणारं सीईटीपी हे प्रथिन त्याच्याकडे नसतंच. नुसतं कोलेस्टेरॉल चारून त्याचे आकडे फारसे हलत नाहीत, म्हणून आम्ही खाद्यात कोलिक आम्ल मिसळायचो. आधी आजार शिवायचा, मग तो उसवायचा.

सेंट पीटर्सबर्गमध्ये १९१३ साली निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारलं, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. ससा शाकाहारी, त्याच्या शरीराला हे झेपत नाही. त्यांनी उंदीर घेतला असता तर हाती काही लागलं नसतं. उलट बाजूनं तेच अकिरा एंडो यांच्या बाबतीत घडलं. हजारो बुरश्या तपासून जपानमध्ये त्यांना एका पेनिसिलियममध्ये काँपॅक्टिन हे स्टॅटिन सापडलं. ते उंदरांना दिलं, तर कोलेस्टेरॉल ढिम्म. शेवटी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिलं, तेव्हा निम्म्याच्या जवळपास उतरलं. आज घरोघरी जी स्टॅटिनची गोळी आहे, तिचा जीव एका कोंबडीनं वाचवला.

५. वजाबाकीचं उत्तर मोजलेलं नसतं

जिन्यातल्या रिपोर्टांपैकी निम्म्यांवर एलडीएलचा आकडा असतो, आणि ते एलडीएल बहुतेक वेळा कुणी मोजलेलंच नसतं. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांच्या १९७२ च्या सूत्रानं ते काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. तीन-चार दिवस सेंट्रिफ्यूज राखत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि बऱ्याच लोकांत बरोबरही येतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की सूत्र वापरायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या अलीकडचा चिखल कुणी सांगत नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं पाहा. एकूण १९०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २८०. वजाबाकी करा, एलडीएल बरोबर १००. काका खूश. मी म्हटलं, एकूणातून फक्त एचडीएल काढा. उरतात १५६. हे सगळं कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या गाड्यांमध्ये बसलेलं आहे. शिवाय ट्रायग्लिसराइड जास्त असलं की एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. तेवढ्याच प्रवाशांना जास्त गाड्या लागतात, आणि भिंतीला धडकतात त्या गाड्या. दर एलडीएल कणावर अपो-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून अपो-बी मोजणं म्हणजे गाड्या मोजणं. माझा सल्ला कुणी विचारला तर मी हीच तपासणी सांगते.

"पण मी जाड कुठे आहे?" हा काकांचा पुढचा प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काकांना तो फोटो दाखवला. त्यांनी शर्ट जरा सैल केला.

६. चांगलं-वाईट ही शाळेतली भाषा

एचडीएलमधला कोलेस्टेरॉलचा रेणू आणि एलडीएलमधला रेणू यांत काहीही फरक नाही. मीही वर्षानुवर्षं वर्गात एचडीएलला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणत आले. टॉर्सेट्रॅपिब या औषधानं एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढवलं, वर एलडीएलही उतरवलं, आणि पंधरा हजार रुग्णांची ती चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारेच जास्त दगावत होते. त्या औषधानं रक्तदाबही वाढत होता, हे खरं. तरी त्यानंतर वर्गात तो शब्द माझ्या तोंडून सहज निघाला नाही.

७. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच

डब्यावर ठळक लिहिलेलं असतं म्हणून सांगितलं. वनस्पतीच्या कुठल्याही तेलात ते जेमतेम नावाला असतं. खोबरेल तेलातही नाही. तरी त्यातली संपृक्त मेदाम्लं एलडीएल वाढवतात, आणि ती गोष्ट मात्र डब्यावर नसते.

८. आकडा पटला नाही तर आधी नमुना पातळ करून बघावा

एका मुलाचा नमुना यंत्राच्या मर्यादेबाहेर गेला. पातळ करून पुन्हा लावला, तरी कोलेस्टेरॉल ७०० च्या पुढे. आठ वर्षांचा पोरगा, कोपरांवर आणि टाचांच्या कंडरांवर पिवळट गाठी. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी डॅलसमध्ये १९७० च्या दशकात अशाच मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून दाखवलं होतं, की एलडीएलला आत ओढून घेणारं दारच त्या पेशींवर नसतं. त्यासाठी १९८५ चं नोबेल. हे सगळं मला पाठ होतं, मी ते शिकवत होते. पण ज्याच्यात हे दार नाही असा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आईबाप आतेभाऊ-मामेबहीण. दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं. मी त्यांना कागदावर चौकट काढून समजावत होते: चारांतल्या एकाला दोन्ही, दोघांना एकेक. आईनं मध्येच थांबवलं. "मग हिचं?" कडेवरच्या धाकटीकडे बोट. तिचं रक्त घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घेतलं, २९० आलं. हे सांगायला गेले तेव्हा आईनं विचारलं, "ह्यांच्या थोरल्या भावाला मागच्या वर्षी झटका आला. चाळिशी पण नव्हती. त्यांच्या पोरांना आणू?"

शनिवारी एका टेंपोतून अकरा जण आले, सगळे खरोखरच उपाशीपोटी.