शाळेच्या बसला सारथी हवा

खेड्यापाड्यांतील शिक्षणाचा विषय निघाला, म्हणजे इमारत, शिक्षक आणि पाठ्यपुस्तके यांची चर्चा होते. बसचालकाचे नाव त्या यादीत सहसा नसते. सत्तरी, सांगे वा काणकोण तालुक्यातील दूरच्या वाड्यावरून येणाऱ्या मुलाला मात्र शाळेचा पहिला माणूस भेटतो तो बसचालकच. तो रजेवर गेला आणि बदली चालक मिळाला नाही, तर शाळा उघडी असूनही त्या मुलापुरती ती बंदच असते. गोवा शासनाने अनुदानित शाळांना ‘बालरथ’ पुरविले व त्यांच्या देखभालीसाठी, तसेच चालक आणि मदतनीस यांच्या मानधनासाठी अनुदानाची तरतूद केली. रथ आले, सारथी तयार होण्यास मात्र वर्षे लागतात.

याचे कारण परवान्याच्या नियमांत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये हलक्या मोटारीचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षानंतर मिळतो. परिवहन वाहनासाठी वय किमान २० वर्षे असावे लागते आणि त्याचा शिकाऊ परवाना घेण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हाती असावा लागतो. केंद्रीय नियमांप्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असून त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे १५ तास असतात. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली काढून टाकण्यात आली, ही ग्रामीण उमेदवारांना मोठीच सवलत होय. परंतु शाळेच्या बससाठी एवढ्यावर भागत नाही. दिल्लीतील वाहतुकीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये जे निर्देश दिले, त्यांत शाळेच्या बसचालकास अवजड वाहन चालविण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असावा, असे म्हटले आहे. अतिवेग किंवा मद्यप्राशन करून वाहन चालविणे, यांसाठी एकदाही दंड झालेला चालक या कामावर ठेवू नये, असेही त्यांत आहे. हे निर्देश पुढे अनेक ठिकाणी मापदंड म्हणून स्वीकारले गेले. मुलांच्या जिवाचा प्रश्न असल्याने ही अट सैल करा, असे कोणीही सुज्ञ पालक म्हणणार नाही. याचा अर्थ असा की, आज विसाव्या वर्षी परवाना घेणारा तरुण पंचविशी गाठल्याखेरीज शाळेच्या बसवर बसू शकत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचे अनुदान नवशिक्यांपुरते ठेवले, तर त्याचे फळ पाच वर्षांनी मिळेल. आजची निकड भागविण्यासाठी अनुभवी माणसे शोधली पाहिजेत, आणि ती फार दूर नाहीत. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खनिजवाहू ट्रक वर्षानुवर्षे चालविणारे अनेकजण २०१२ च्या व पुन्हा २०१८ च्या खाणबंदीत बेकार झाले. चढउताराच्या अरुंद रस्त्यांवर अवजड गाडी सांभाळणे त्यांना शिकवावे लागत नाही. शिकवायचे ते निराळेच : मूल खाली उतरून बसच्या पुढून रस्ता ओलांडते, ते चालकाला दिसत नाही, मागे गाडी घेण्यापूर्वी मदतनिसाने खाली उतरावे, खेपेच्या अखेरीस प्रत्येक आसन पाहावे, कारण लहान मूल झोपून राहते. खनिजाच्या खेपा जितक्या अधिक तितकी मिळकत अधिक, हा जुना हिशेब येथे विसरावा लागतो. अशा उमेदवारांना लहानसा उजळणीवर्ग, वैद्यकीय तपासणी आणि प्रवासी वाहनाचा बिल्ला, एवढ्यांचा खर्च दिला तरी पुरे.

नवशिक्या उमेदवाराची अडचण वेगळी असते. वर्गाचे शुल्क माफ केले तरी तीस दिवसांची मजुरी कोण देणार? रोजंदारीवर जगणारा तरुण नेमका येथेच अडतो, आणि अनुदानाच्या आराखड्यात विद्यावेतन न धरल्यास जागा रिकाम्या राहतात. परवान्यानंतरच्या पाच वर्षांत त्याला अवजड वाहनावर काम हवे. १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळासारख्या संस्थेशी ही साखळी जोडता येण्यासारखी आहे.

शिकून तयार झालेला चालक टिकेल का, हा प्रश्न उरतोच. शाळेचे काम सकाळी व दुपारी तुटक असते. पर्यटकांची गाडी किंवा आखातातील नोकरी त्याहून अधिक देते. मानधनवाढीची मागणी बालरथ चालकांनी वेळोवेळी केलेली आहे, तिचा विचार प्रशिक्षणाच्या खर्चाबरोबरच व्हावयास हवा. दरम्यान, मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ आणि पंचायत यांनी गावातील अवजड वाहनाचे परवानाधारक कोण, परवान्याची मुदत केव्हा संपते आणि अनुभव किती, याची यादी शाळा सुरू होण्यापूर्वीच्या सुटीत करून ठेवली, तर बदली चालकासाठी धावपळ करावी लागणार नाही.