पाऊस उदंड, मग रान पानगळीचे का?

फेब्रुवारीच्या अखेरीस महाडहून पोलादपूरमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, तर झोप काढू नये. महाड सोडताना दोन्ही बाजूंचे डोंगर पिवळे-तपकिरी दिसतात. साग उघडा पडलेला असतो. काटेसावरीला पान नाही, पण फुले लालभडक. पळस आणि पांगाऱ्याची तीच गत. पोलादपूर मागे पडून आंबेनळी घाट सुरू झाला की वळणावळणाला हिरवा रंग वाढत जातो आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे दाट, बुटके, हिरवेगार रान लागते. तीच गाडी पुढे पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईला गेली, तर पुन्हा चित्र बदलते. बोडके डोंगर, बाभळी, ज्वारीची ताटे. शंभर किलोमीटरच्या आत तीन प्रकारची राने पाहून होतात.

शाळेच्या भूगोलात आपण विषुववृत्तीय सदाहरित वने, मोसमी वने, गवताळ प्रदेश, वाळवंट, तैगा आणि टुंड्रा असे पृथ्वीचे पट्टे शिकलो. ज्या त्या पट्ट्यातील हवामानाप्रमाणे तेथील झाडे, प्राणी आणि माती ठरते. अशा पट्ट्याला जीवप्रदेश म्हणतात. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना हे पट्टे हजारो किलोमीटरवर बदलतात. सह्याद्रीसारखा उंच डोंगर आडवा आला, की तोच बदल थोडक्या अंतरात घडतो. हा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्यासारखा नाही. कोणत्या जमिनीत काय लावावे आणि काय लावू नये, याचे उत्तर त्यात आहे.

मला एका प्रशिक्षण वर्गात पोलादपूर तालुक्यातील एका वयस्क शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न असा होता: "साहेब, केरळात नि सिंगापुरात म्हणे बारा महिने हिरवे जंगल असते. आमच्याकडे पाऊस काय त्यांच्यापेक्षा कमी आहे? मग आमचे रान उन्हाळ्यात नागडे का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. महाड परिसरात वर्षाला तीन हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो. सिंगापूरला दोन ते अडीच हजार मि.मी.च पडतो, म्हणजे आपल्यापेक्षा कमीच. तरी तेथील मूळचे रान सदाहरित आणि आपले पानगळीचे.

याचे उत्तर पावसाच्या बेरजेत नाही, वाटणीत आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंशावर आहे. तेथे कोणत्याही महिन्याची पावसाची सरासरी १०० मि.मी.च्या खाली जात नाही. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ऑक्टोबरात थोड्या सरी, आणि नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत आभाळ जवळपास कोरडे. कोपेन या हवामानशास्त्रज्ञाने जगाच्या हवामानाचे जे वर्गीकरण केले, त्यात बारमाही पावसाळी हवामानासाठी वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यातही किमान ६० मि.मी. पाऊस हवा, अशी अट आहे. आपल्याकडील जानेवारी किंवा फेब्रुवारी आठवून पहा.

पण एवढ्यावर भागत नाही. चार महिन्यांत पडलेले तीन हजार मि.मी. पाणी पुढच्या सात महिन्यांना का पुरत नाही? येथे जमिनीचा हिशेब करावा लागतो. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत मुरूम लागेपर्यंत बहुधा एक-दीड फूट माती असते. अशी ४५ सें.मी. खोल माती पिकाला घेता येईल असे सुमारे ६० मि.मी. पाणी धरून ठेवते. ही झाली जमिनीची घागर. वरून तीन हजार ओता की पाच हजार, घागरीत मावते तेवढेच मावते. बाकीचे सावित्रीला, गांधारीला आणि तेथून बाणकोटच्या खाडीला. पाऊस थांबल्यावर हिरवे पीक दिवसाला ४ मि.मी. पाणी घेत असेल, तर ६० मि.मी. पंधरा दिवसांत संपते. नदीकाठच्या दीड मीटर खोल पोयट्याच्या जमिनीत हाच साठा २०० मि.मी.च्या पुढे जातो आणि दीड-दोन महिने पुरतो. गावात एका शेतात वाल उभा आणि शेजारच्या टेपावर गवतही वाळलेले, हे आपण दरवर्षी पाहतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो.

रानातील झाडांना हा हिशेब कोणी शिकविलेला नाही, पण ती त्याप्रमाणेच वागतात. पानांतून पाणी उडून जाते, तेव्हा पाणी तुटले की पाने टाकून द्यायची, ही पहिली युक्ती. साग, सावर, पांगारा, शिवण हे त्या पंथाचे. दुसरी युक्ती खोल मुळांची. कुसुंबाला ऐन मार्च महिन्यात लाल कोवळी पालवी फुटते, कारण त्याची मुळे खडकाच्या भेगांतील ओलावा शोधतात. तिसरी युक्ती जमिनीखाली जाऊन बसण्याची. शेवळाचा कंद आणि फोडशीचा गड्डा वर्षातील बराच काळ मातीत दडून असतो आणि पावसाच्या चाहुलीने वर येतो. आपल्या घरातल्या बाया मेअखेरीस ही भाजी आणायला रानात जातात, त्या एका अर्थी मोसमी जीवप्रदेशाचे वेळापत्रकच वाचत असतात.

प्राण्यांचेही तसेच. खाचराच्या बांधातील मुठे उन्हाळाभर खोल बिळात ओलाव्याला धरून राहतात आणि पहिल्या सरींना बाहेर पडतात. वलगणीचे मासे पहिल्या पुरात नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भाताच्या खाचरात चढतात, ते अंडी घालण्यासाठी. उथळ, कोमट, किड्यांनी भरलेले पाणी पिलांना तेथे मिळते आणि तेही तीन-चार महिनेच. म्हणूनच वलगणीला अंड्यांनी भरलेले मासे सरसकट मारणे हे बियाणे भाजून खाण्यासारखे आहे. सावित्रीतील मगरींना मात्र कोरड्या ऋतूत डोहांवर अवलंबून राहावे लागते. डोह गाळाने भरले, की त्यांची आणि आपल्या नळपाणी योजनेची अडचण एकच.

आता कोणी म्हणेल, महाबळेश्वरलाही हिवाळा-उन्हाळा कोरडाच. तेथे रान हिरवे कसे? तेथे पाऊस साडेपाच हजार मि.मी.च्या आसपास असला, तरी खरे कारण उंची हे आहे. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. त्यामुळे उन्हाळ्यात महाड तापलेले असताना वर सात-आठ अंश कमी असतात. थंड हवेत झाड पाणी कमी उडविते, शिवाय धुके आणि दव यांची भर. खालच्या बाजूला समुद्रापासून आत, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात उष्मा किती साठतो, याचे उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. मार्च २०१७ मध्ये भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती.

वाईकडील बाजूचे कारण उलटे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि पाणी सोडून देतात. पलीकडे उतरताना तीच हवा तापते व कोरडी होते. म्हणून पाचगणीला महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी आणि वाईला हजार मि.मी.च्या आत पाऊस उरतो. खडक मात्र सगळीकडे एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. त्याच पाषाणातून महाबळेश्वरच्या माथ्यावर धुपून, निचरून जांभा झाला. आपल्या उतारांवर तांबूस, आम्लधर्मी माती झाली. आणि वाईच्या खोऱ्यात चुनखडीयुक्त काळी जमीन झाली. भरपूर पावसाने चुना वाहून नेला, कमी पावसाने तो जागेवर ठेवला. कोकणातील माती आम्लधर्मी का आणि देशावरची चोपण का होते, याचे मूळ येथे आहे.

या अभ्यासाचा शेतीशी संबंध सांगताना मी माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात महाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला मी उताराच्या जागेवर सुपारी लावण्याचा सल्ला दिला. श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध आहे, जिल्हा तोच, पाऊसही भरपूर, असा माझा विचार. रोपे दोन वर्षे छान वाढली. तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर विहिरीने तळ गाठला आणि मे महिन्यात निम्मी रोपे करपली. उरलेली त्याने स्वतःच काढून टाकली व तेथे काजूची कलमे लावली. मला तो काही बोलला नाही, पण नंतर माझ्या वर्गालाही आला नाही. श्रीवर्धनच्या वाड्यांना समुद्राची दमट हवा आहे आणि वाळूखाली हाताशी पाणी आहे, हे मी लक्षात घेतले नव्हते. मी पाऊस मोजला. मे महिना मोजला नाही.

सुपारी, नारळ, केळी, मसाल्याची पिके ही मुळात बारमाही ओलाव्याच्या प्रदेशातील आहेत. ती आपल्याकडे येतात, पण मे अखेरपर्यंत खात्रीचे पाणी असेल तरच. काजू, आंबा, फणस, कोकम यांना सुरुवातीची दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी व आच्छादन दिले, की पुढे ती कोरडा काळ सोसतात. आंब्याला तर कोरडा, थंड काळ हवाच. त्याशिवाय वाढ थांबून मोहोर येत नाही; बारमाही पावसाच्या मुलुखात आंब्याचे झाड पानांनी भरते आणि फळांनी रिकामे राहते. मात्र महाडच्या आतल्या भागात मार्चच्या उष्म्याने फळगळ होते, तेव्हा किनाऱ्यावरच्या हापूसच्या उत्पन्नाशी तुलना करून कर्ज काढू नये. तसेच महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पाहून खोऱ्यातील शेतकऱ्याने तिच्या मागे लागू नये. तिला थंड रात्री लागतात आणि त्या खतांच्या दुकानात मिळत नाहीत.

भाताच्या बाबतीतही हाच नियम. वरच्या, हलक्या खाचरात हळव्या जाती घ्याव्यात. त्या सप्टेंबरअखेर पाऊस ओसरण्यापूर्वी दाणा भरतात. गरव्या जाती तेथे लावल्या, तर ऑक्टोबरात फुलोऱ्यावर ताण पडून पळंज वाढते. गरवे भात खालच्या, ओल धरणाऱ्या जमिनीसाठी ठेवावे. भाताच्या पाठोपाठ वाल किंवा हरभरा घ्यायचा असेल, तर कापणी झाल्यावर आठवडाही वाया घालवू नये. वर सांगितलेल्या हिशेबाने रोज ४ मि.मी. पाणी जात असते, आणि लग्नकार्य आटोपून पेरू म्हणणाऱ्यासाठी ते थांबत नाही.

राबाचा विषय थोडा नाजूक आहे. राब भाजल्याने तणाचे बी मरते आणि रोपांना अन्नद्रव्ये चटकन मिळतात, हे खरे. आपल्या आजे-पणजांनी ते उगाच केले नाही. पण त्यासाठी ऐन-किंजळाची झाडे दरवर्षी शेंड्यापर्यंत खांडली जातात. भरपूर पावसाच्या उष्ण प्रदेशात अन्नद्रव्ये मातीत कमी आणि झाडपाल्यात जास्त असतात, कारण मातीतील पाणी धुऊन नेते. फांद्या तोडून जाळणे म्हणजे डोंगराची ठेव मोडून एका वाफ्यावर खर्च करणे होय. त्याऐवजी गादीवाफे करून चांगले कुजलेले शेणखत आणि दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. बांधावर गिरिपुष्प लावले, तर लावणीच्या वेळी हिरवळीचा पाला हाताशी राहतो आणि ऐनाला हात लावावा लागत नाही.

डोंगरउतारांविषयी लिहिताना जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ विसरून चालत नाही. २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे आणि २०२१ मध्ये तळिये येथे डोंगर खाली आला. तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळल्या. त्या पावसात महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत जवळपास ६०० मि.मी. पाऊस झाला, म्हणजे वाईला वर्षभरात पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग एका दिवसात. घागर भरून वाहू लागली आणि पाण्याला वाट मिळाली नाही, की भिजलेली माती खडकावरून घसरते. झाडांची मुळे वरचा थर धरून ठेवतात, धूप नक्की कमी करतात. परंतु सगळी मातीच खडकापासून सुटली, तर झाडासकट खाली येते. तेव्हा झाडे लावली म्हणून निर्धास्त राहू नये. घरामागच्या उतारावर नवी भेग दिसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या जागी फुटणे, ही लक्षणे दिसताच रात्र पडण्याची वाट न पाहता माणसे आणि गुरे हलवावीत. उतारावर रस्त्यासाठी, घरासाठी किंवा शेततळ्यासाठी खोदाई करताना डोंगराचा पायथा उभा कापू नये व चराचे पाणी वस्तीच्या दिशेने सोडू नये.

फळबागेचा विचार करणाऱ्यांनी या वर्षी एक काम करावे. विहीर किंवा झरा ज्या दिवशी आटला, ती तारीख ओटीच्या भिंतीवर लिहून ठेवावी. तीन-चार वर्षांच्या तारखा जमल्या, की लागवडीच्या सल्ल्यासाठी येताना मातीच्या नमुन्याबरोबर त्याही घेऊन याव्यात.