गिऱ्हाइकाची भाषा गिऱ्हाइकालाच निवडू द्या

नवापूरचे रेल्वे स्थानक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. सुरत-भुसावळ मार्गावरील हे स्थानक 1960 साली दोन राज्यांत वाटले गेले. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. पण प्रवासी कोणत्या बाजूच्या बाकावर बसला आहे, यावरून रेल्वे त्याची भाषा ठरवीत नाही. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चारही भाषांत होते. ज्याला जी समजेल ती त्याने ऐकावी.

जे व्यापारी व कारागीर बांधव आपल्या मालाची वेबसाईट तयार करून घेत आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नंदुरबारच्या मिरचीला सुरतेचेही गिऱ्हाईक आहे, म्हणून दोन-तीन भाषा ठेवणे योग्यच. घोटाळा होतो तो कोणापुढे कोणती भाषा यावी, येथे.

मध्यंतरी नवापुरात बसून आम्ही एका मसालेवाल्याची वेबसाईट उघडली, ती गुजरातीत उघडली. फोनचे इंटरनेट कोठून येते, यावरून तिने आम्हाला गुजरातचे ठरविले होते. बरे, भाषा बदलण्याचे बटणही गुजरातीतच! आम्ही भाव न पाहताच बाहेर पडलो. असे गिऱ्हाईक परत गेले, याची दुकानदाराला खबरही लागत नाही.

दुसरा अंदाज फोनवरून करता येतो. फोनमध्ये जी भाषा लावलेली असते ती ब्राउझर वेबसाईटला कळवितो. ठिकाणापेक्षा हा अंदाज बरा. तरी फोन विकणाऱ्याने इंग्रजी लावून दिली आणि पुढे कोणी ती बदललीच नाही, असे आपल्याकडे सर्रास घडते. तेव्हा अंदाज पहिल्या पानापुरताच घ्यावा. सर्व भाषांची नावे पानाच्या माथ्यावर असावीत, आणि प्रत्येक नाव त्या भाषेच्याच लिपीत. नमुना खिशात आहे. नोटेच्या मागील पट्टीवर 15 भाषांत किंमत छापलेली असते, प्रत्येक आपापल्या लिपीत.

काही कारागीर नावाऐवजी देशाचा झेंडा लावून देतात. हे मुळीच चालवून घेऊ नये. मराठीला कोणत्या देशाचा झेंडा लावणार? आणि उर्दूपुढे शेजारच्या देशाचा झेंडा लावणे म्हणजे येथल्या उर्दू वाचकाचा अपमान होय. उर्दू ही आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषा आहे. उर्दू ठेवायचीच असेल तर अक्षरांबरोबर पानाची मांडणीही उजवीकडून डावीकडे करून घ्यावी. नुसती अक्षरे बदलून भागत नाही.

गिऱ्हाइकाने एकदा भाषा निवडली की ती लक्षात ठेवली जावी. तो लाल मिरचीच्या पानावर असेल तर भाषा बदलल्यावरही त्याच पानावर राहावा, पुन्हा पहिल्या पानावर फेकला जाऊ नये. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता असावा, म्हणजे गुजरातीत शोधणाऱ्याला गुजराती पान सापडेल. आणि भाव बदलला तर तो सर्व भाषांत त्याच दिवशी बदलावा. मराठीत एक दर आणि गुजरातीत दुसरा, ही तर सरळ फसवणूक ठरते. जी भाषा सांभाळता येणार नाही ती ठेवूच नये.

वेबसाईट करणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक फोन इंग्रजीवर व एक गुजरातीवर लावून नवापूर आणि नंदुरबार, दोन्हीकडे ती उघडून पाहावी. मराठीवर येण्यास एकाहून अधिक वेळा बोट लावावे लागले तर काम परत पाठवावे.