जुन्या जीपगाडींत निराळें एंजिन बसविणें : हिशेब, कृति आणि नोंद

आपल्या मुळशी तालुक्यांतील चढउताराच्या वाटांवर जुनी जीपगाडी अद्यापि उपयोगीं पडते. खताचीं पोतीं, दुधाच्या किटल्या व प्रसंगीं आजारी माणूस नेण्यास ती कामास येते. सांगाडा शाबूत असतो, परंतु एंजिन थकलेलें असतें. मग पेट्रोलचें एंजिन काढून भंगारांतील डिझेलचें बसवावें असें मालकाच्या मनांत येतें. जांबे येथें माझ्या अंगणांत मीं हें काम २०१६ सालीं एका मिस्त्रीच्या साह्यानें केलें. त्यांत दोन चुका झाल्या. त्या इतर शेतकरी बंधूंकडून होऊं नयेत म्हणून हा पाठ लिहिला आहे.

१. प्रथम हिशेब करावा. समजा, गाडी वर्षांत ३,००० किलोमीटर चालते. पेट्रोलवर ती लिटरास ८ व डिझेलवर १२ किलोमीटर जाते असें धरल्यास, पेट्रोल ३७५ लिटर किंवा डिझेल २५० लिटर लागेल. हिशेबाच्या सोयीसाठीं दर अनुक्रमें १०० व ९० रुपये धरले, तर खर्च ३७,५०० व २२,५०० रुपये होतो. म्हणजे बचत १५,००० रुपये. एंजिन, जोडकाम व मजुरी मिळून १,२०,००० रुपये लागले, तर ते फिटण्यास ८ वर्षें जातील. ज्याची गाडी वर्षांत ३,००० किलोमीटरही चालत नाहीं, त्यानें ह्या फंदांत पडण्यापूर्वीं पुनः विचार करावा.

२. दोन एंजिनांतील भेद. विलीस जीपचें मूळ पेट्रोल एंजिन २,१९९ घन सेंटिमीटरचें असून मिनिटास ४,००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ति देत असे. जुनीं डिझेल एंजिनें वजनानें भारी व फेऱ्यांनीं मंद असतात. ज्या जीपच्या धुऱ्यांतील दंतचक्रांचें प्रमाण ५.३८ असेल व चाकाचा घेर सुमारें २.२ मीटर असेल, ती ४,००० फेऱ्यांवर ताशीं सुमारें ९८ किलोमीटर जाईल. ३,००० फेऱ्यांवर मात्र सुमारें ७३. शेतीच्या कामास हा वेग पुरेसा आहे. परंतु हमरस्त्यावर तेवढ्यावरच संतोष मानावा लागेल. वाढीव वजनामुळें पुढील कमानी बसतात. त्यांचीं पानें वाढवावीं लागतात.

३. कामाचा क्रम. बॅटरी सोडावी, पेट्रोल काढून घ्यावें व विस्तव दूर ठेवावा. गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम लाकडी ठोकळ्यांवर घ्यावी. एंजिन उचलण्यास चेनकप्पी लोखंडी तिपाईस बांधावी; गोठ्याच्या जुन्या तुळईस बांधूं नये. टांगलेल्या एंजिनाखालीं कोणीही जाऊं नये. नवें एंजिन व जुनी गिअरपेटी ह्यांमध्यें जोडपट्टी लागते. ती यंत्रशाळेंतून अचूक कातून घ्यावी. दोहोंचा मध्य एक नसेल, तर क्लच व बेअरिंग थोड्याच दिवसांत जातात. बोल्ट आवळून गिअरपेटी ओढून घेणें सर्वथा वर्ज्य. डिझेलसाठीं गाळणी व जादा डिझेल टाकींत परत नेणारी नळी बसवावी. मूळ वीजरचना ६ व्होल्टची असल्यास ती १२ व्होल्टची करावी. किल्ली फिरवून पेट्रोलचें एंजिन थांबतें, कारण ठिणगी बंद होते. डिझेलमध्यें ठिणगीच नसल्यामुळें इंधन तोडणारी दांडी बसविणें अवश्य आहे.

४. उतार व ब्रेक. माझी पहिली चूक येथें झाली. पेट्रोल एंजिनांत पाय उचलतांच हवेची वाट बंद होते, आंत पोकळी निर्माण होते व ती गाडीस मागें धरते. साध्या डिझेल एंजिनांत हवेची वाट मोकळी राहते, व दाबलेली हवा दट्ट्यास पुनः पुढें लोटते. म्हणून तशी धर मिळत नाहीं. त्याच पावसाळ्यांत ताम्हिणी घाट उतरतांना मीं जुन्या संवयीनें वरच्या गिअरांत पाय उचलला आणि गाडी पळूं लागली. खालचा गिअर पडला व कठड्याआधीं ती थांबली, म्हणून आज लिहीत आहें. उतारास लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा. ज्या गाडीचा ब्रेक एंजिनच्या पोकळीवर चालतो, तींत निराळा निर्वात पंप बसविल्यावांचून ती रस्त्यावर आणूं नये.

५. नोंद. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. महसूल खात्यांत कारकुनी करतांना मीं लोकांस सांगत आलों कीं, फेरफार नोंदविल्यावांचून व्यवहार पुरा होत नाहीं. स्वतःच्या गाडीचा फेरफार मात्र नोंदविला नाहीं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते व पुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं वाढते. २०१९ सालीं तपासणींत एंजिनचा क्रमांक व इंधन कागदाशीं जुळेनात. मुदत वाढली नाहीं. मूळ एंजिन मीं भंगारांत विकलें होतें, तेव्हां परतीचा मार्गही उरला नव्हता. गाडी गोठ्याशेजारीं उभी आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम ५२ अन्वयें फेरबदलास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीवांचून फेरबदल झाला असल्यास १४ दिवसांच्या आंत त्यास कळवावयाचें असतें. कारखानदारानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरबदल करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरबदलास मालकास दर फेरबदलामागें ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

तेव्हां वाचकांनीं क्रम उलटा धरावा : आधीं लेखी अर्ज, मग एंजिनची खरेदी. मंजुरी न मिळाल्यास जुनेंच एंजिन बोअर करून, नव्या रिंगा घालून दुरुस्त करावें, अथवा त्याच बनावटीचें व जातीचें एंजिन मंजुरीनें बसवावें. आणि कागद हातीं पडेपर्यंत मूळ एंजिन विकूं नये.